मंडळीत माझे काम कोणते? कृपादान ओळखण्याचा सहा महिन्यांचा क्रम

रविवारी चर्चमधली उपासना संपते, आशीर्वचन होते, लोक चपला शोधू लागतात आणि दारात हात मिळवताना पाळकसाहेब म्हणतात, "आता तुम्हीही एखादी जबाबदारी घ्या." इच्छा असते, पण कोणती घ्यावी ते कळत नाही. मग जे काम रिकामे असेल ते गळ्यात पडते. वर्षभर ते कसेबसे ओढले जाते, पुढच्या वर्षी माणूस मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि 'माझ्यात देवाने काही ठेवलेलेच नाही' असा समज करून घेतो. हा समज चुकीचा आहे. तो पुसायला साधारण सहा महिने लागतात. ते कसे घालवायचे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

डोळ्यांपुढे शंभर-दीडशे कुटुंबांची मराठी प्रॉटेस्टंट मंडळी ठेवली आहे: तालुक्याच्या गावातली किंवा पुण्या-मुंबईच्या उपनगरातली, एक पाळक, पंच कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी निवडलेली समिती), शब्बाथ शाळा (मुलांचे रविवारचे बायबल-वर्ग), महिला मंडळ, तरुण संघ. कॅथलिक धर्मग्रामात किंवा पेन्टेकॉस्टल सभेत पदांची नावे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

आधी शब्द नीट धरा

बायबलच्या नव्या करारात ज्याची पत्रे आहेत, त्या प्रेषित पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा'. तो 'खारिस' म्हणजे कृपा या शब्दापासून आला आहे. म्हणून मराठी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, 'कृपादान' हा शब्द फार नेमका आहे. दान कमावलेले नसते, त्यामुळे त्याचा गर्वही करता येत नाही आणि 'मला मिळालेच नाही' असे रडगाणेही गाता येत नाही.

चार गोष्टींची नेहमी गल्लत होते. उपजत गुण म्हणजे गोड गळा, हिशेबाचे डोके, हातातली कला. हे विश्वास न ठेवणाऱ्यालाही मिळालेले असतात. आत्म्याचे फळ म्हणजे गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली प्रीती, आनंद, शांती इत्यादी नऊ लक्षणे. ती प्रत्येक विश्वासणाऱ्याकडून अपेक्षित आहेत, त्यांत 'हे माझे दान नाही' अशी सूट नाही. पद म्हणजे पंच, सेक्रेटरी, खजिनदार. ते निवडणुकीने मिळते आणि मुदत संपली की जाते. कृपादान या तिन्हींहून वेगळे. तुमच्या हातून घडणाऱ्या ज्या सेवेने मंडळी विश्वासात उभी राहते, ते तुमचे कृपादान.

उपजत गुणाचे कृपादान होऊ शकते, आणि त्याची ठळक उदाहरणे आपल्याच मातीत आहेत. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधीच कवी होते. तीच वाणी पुढे भजनांत उतरली आणि आजही मराठी मंडळ्या ती भजने गातात. पंडिता रमाबाईंची संस्कृत विद्वत्ता लहानपणापासूनची. त्याच भाषाज्ञानाच्या पायावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि १९२२ मध्ये प्राण जाईपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर पुरे करीत आणले. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते काम तिथल्या स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या आणि मुद्रिते तपासणाऱ्या त्या हातांनाही दान मिळालेच होते. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून बसालेलचे नाव येते, आणि तो सोने, रुपे, पितळ, लाकूड घडवणारा कारागीर होता.

पहिले दोन आठवडे: चार उतारे आणि एक वही

दोनशे पानी वही घ्या. रोज वीस मिनिटे, चार उतारे आलटून पालटून वाचा: रोमकरांस पत्र १२:३-८, १ करिंथकरांस १२ ते १४ अध्याय, इफिसकरांस ४:११-१६ आणि १ पेत्र ४:९-११. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात दानाचे नाव, दुसऱ्यात 'आपल्या मंडळीत हे आज कोणत्या कामात दिसते', तिसऱ्यात 'हे मी कधी केले आहे का'.

दुसरा रकाना भरताना अडखळायला होईल, आणि त्या अडखळण्याचाच उपयोग आहे. 'दया करणे' यापुढे काय लिहाल? डायलिसिसला जाणाऱ्या आजोबांबरोबर दर आठवड्याला रिक्षात बसून जाणारी व्यक्ती कोण, हे आठवावे लागेल.

याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून गोंधळू नका. रोमकरांतल्या यादीत सात दाने आहेत, करिंथकरांतल्या पहिल्या यादीत नऊ, आणि पेत्र तर दोनच ढोबळ गट करतो, बोलण्याचे आणि सेवेचे. कोणतीच यादी पूर्ण नाही. तसा लिहिणाऱ्यांचा हेतूही नव्हता. करिंथच्या मंडळीत कोणाचे दान मोठे यावरून चढाओढ लागली होती, ती थांबवायला पौल लिहीत होता. १२:२८ मध्ये त्याने रोग बरे करणे आणि भाषा बोलणे (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणे) यांच्या मधोमध साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे बसवले आहेत. व्यवस्थेसाठी त्याने वापरलेला शब्द जहाजाचे सुकाणू धरण्याचा आहे. ज्या पंचाला आपण 'फक्त हिशेब बघतो' असे वाटते, त्याने ही ओळ जरूर वाचावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. 'आपले दान शोधून काढा' अशी आज्ञा या चारही उताऱ्यांत कुठेच नाही. आज्ञा आहे ती मिळालेले दान एकमेकांच्या कामी लावण्याची. म्हणून पुढचा सारा क्रम कामातून ओळखीकडे जातो. आधी दान ठरवून मग काम शोधायला निघालेला माणूस बहुधा वर्षभर शोधतच राहतो.

तिसरा आठवडा: मागे वळून पाहणे

वहीत आयुष्यातले दहा-बारा प्रसंग लिहा. अट एकच: त्या प्रसंगी तुमच्यामुळे दुसऱ्या कोणाचे तरी खरोखर बरे झाले असले पाहिजे. मंडळीतलेच असावेत असे नाही. शाळा, कारखाना, शेत, सोसायटी, काहीही चालेल. प्रत्येकापुढे तुम्ही नेमके काय केले ते क्रियापदात लिहा. 'मदत केली' हे क्रियापद चालणार नाही. 'समजावून सांगितले', 'रात्रभर शेजारी बसलो', 'भांडण मिटवले', 'यादी करून कामे वाटली', 'पैसे उभे केले', 'न सांगता भाकरी पोचवली' असे लिहा. दहांपैकी चार-पाच ठिकाणी एकच क्रियापद येत असेल तर त्याखाली रेघ ओढा.

तुम्हाला वारंवार काय खटकते, तेही टिपा. नवे कुटुंब उपासनेला आले आणि कोणी त्यांच्याशी बोलले नाही, याने एकाचा जीव कळवळतो. दुसऱ्याला ते दिसतही नाही, पण वचनाचा अर्थ चुकीचा सांगितला की त्याला झोप लागत नाही. तिसरीला मंडपाच्या खुर्च्यांचा हिशेब लागला नाही की चैन पडत नाही. तक्रारीमागे बऱ्याचदा दान दडलेले असते. मात्र तक्रार करून थांबलात तर ते तक्रारच राहते.

चौथा आठवडा: मंडळीची गरज मोजा

हे बहुतेक जण टाळतात, आणि सारी गफलत इथेच होते. एका रविवारी उपासनेच्या पाऊण तास आधी या आणि संपल्यावर पाऊण तास थांबा. कुलूप कोण उघडते? सतरंज्या, माइक, भजनाची पुस्तके कोण मांडते? गुडघेदुखीच्या आजींना पायरीवरून हात कोण देते? दानार्पण कोण मोजते, एकटा की दोघे? आजारी सभासदाच्या घरी प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस) घेऊन पाळकांबरोबर कोण जाते? मुले उपासनेत कधी कंटाळतात आणि तेव्हा त्यांच्याकडे कोण बघते?

मग पाळकसाहेबांची अर्ध्या तासाची वेळ मागा. रविवारी दारात नको, मंगळवार-बुधवार बरा. 'माझे दान कोणते असेल?' असे विचारलेत तर उत्तर भिडेचे मिळेल. त्याऐवजी तीन प्रश्न न्या: सध्या कोणत्या कामाला माणूस नाही? कोणता माणूस दोन-तीन कामांखाली दबला आहे? आणि गेल्या वर्षी मंडळीतले कोण यायचे बंद झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना पेन खाली ठेवा आणि नुसते ऐका.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हेच घडले. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत होती, कुरकुर झाली आणि त्यातून सात माणसे नेमली गेली. गरज आधी उघडी पडली. त्या सातांतल्या स्तेफनाचे नाव तिच्यामागून पुढे आले.

पाचवा आठवडा: पाच माणसांना विचारा

पाच जण निवडा: घरातला एकच, तुमच्याहून वयाने बराच मोठा एक, बराच लहान एक, तुमच्याबरोबर काम केलेला एक, आणि तुमच्याशी एखाद्या गोष्टीत मतभेद असलेला एक. शेवटचा वगळू नका. प्रश्न सोपे ठेवा: 'माझ्यामुळे तुमचे किंवा इतर कोणाचे भले झाल्याचे तुम्ही कधी पाहिले? काय केले होते मी?' आणि 'कोणते काम मी घेऊ नये असे तुम्हाला वाटते?'

आपल्याकडे तोंडावर दोष सांगत नाहीत, म्हणून दुसरा प्रश्न विचारून गप्प बसावे लागते. 'छे, तुम्ही सगळेच छान करता' हे उत्तर आले तर 'एकच सांगा' असा हट्ट धरा. उत्तर मिळाल्यावर खुलासा करू नका. आभार माना आणि घरी येऊन लिहा.

छापील प्रश्नावल्यांबद्दल दोन शब्द. शे-सव्वाशे विधाने, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, शेवटी बेरीज आणि वरची तीन दाने तुमची: ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत रुळली आणि भाषांतरांतून इकडे आली. गप्पांना सुरुवात म्हणून ती बरी. पण माणूस जसा आहे त्यापेक्षा जसा व्हावासा वाटतो तसे गुण देतो, आणि ज्या कामाची त्याला संधीच मिळाली नाही, तिथे त्याची बेरीज कमीच येते. ज्या बाईला कधी प्रवचन करू दिले नाही, तिला 'मी वचन स्पष्ट करून सांगते' या विधानाला शून्याखेरीज काय देता येणार? भरायचीच असेल तर तुमच्यासाठी ती आणखी दोघांकडून भरून घ्या आणि तिन्ही बेरजा शेजारी ठेवा. जिथे फरक मोठा, तिथे बोला.

सहाव्या आठवड्यापासून: दोन कामे, प्रत्येकी सहा ते आठ रविवार

आतापर्यंतच्या नोंदींवरून दोन कामे निवडा. एक ओढ वाटते ते, दुसरे गरज मोठी आहे ते. एकामागून एक करा, दोन्ही एकदम नको. प्रत्येक काम एखाद्या जाणत्याच्या हाताखाली करा आणि सुरुवातीलाच शेवटची तारीख ठरवा. तारीख ठरलेली असली की थांबताना कोणी रुसत नाही, आणि 'हो' म्हणतानाही धीर येतो. आठवड्याला तीन-चार तासांपेक्षा जास्त देऊ नका. पहिल्या महिन्याच्या उत्साहात दहा तास देणारा चौथ्या महिन्यात दिसत नाही.

_शिक्षण._ शब्बाथ शाळेचा आठ-दहा मुलांचा एक वर्ग घ्या. पहिले दोन रविवार मागे बसून नुसते पाहा. तिसऱ्या रविवारी फक्त गोष्ट सांगा. चौथ्यापासून पूर्ण वर्ग: पाच मिनिटे प्रार्थना आणि हजेरी, दहा मिनिटे गोष्ट, पंधरा मिनिटे कृती किंवा नाट्य, पाच मिनिटे पाठाचे वचन. दानाची खूण पुढच्या रविवारी दिसते. मुले ती गोष्ट स्वतःच्या शब्दांत, आपली भर घालून सांगतात का? की 'टीचर, तुम्हीच सांगा' म्हणतात? शाळेत शिक्षिका आहे म्हणून तिलाच शब्बाथ शाळा देणे ही जुनी सवय आहे. पुष्कळदा ती आठवडाभर शिकवून थकलेली असते, आणि तिचे खरे दान महिला मंडळातल्या एकट्या पडलेल्यांजवळ बसण्यात असते.

मुलांबरोबरच्या कामात नियम सैल करू नका. वर्गात कायम दोन प्रौढ हवेत, दार उघडे हवे, आणि एकट्या मुलाला कोणी गाडीवरून घरी सोडायचे नाही. नव्या माणसाची मंडळीत किमान सहा महिन्यांची ओळख हवी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पंच कमिटीत 'आपसांत मिटवणे' हा पर्याय कायद्यातही नाही आणि शास्त्रातही नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. तो क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लावा.

_बोध आणि सांत्वन._ घरभेटी नेहमी दोघांनी करायच्या, आधी फोन करून. घरी वीस-तीस मिनिटे, दवाखान्यात दहा-पंधरा. १२१ वे किंवा २३ वे स्तोत्र वाचा, लहान प्रार्थना करा, बाकी वेळ ऐका. मृत्यूच्या घरी 'देवाची इच्छा' असे चटकन म्हणू नका. बायबलातल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले तेवढा वेळ त्यांचे सांत्वन खरे होते, तोंड उघडले आणि बिघडले. सर्वांत मोठी चूक पुढे होते. घरात ऐकलेली गोष्ट बुधवारच्या प्रार्थनासभेत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितली जाते. एकदा असे झाले की ते घर बंद होते आणि वर्षानुवर्षे उघडत नाही. खूण अशी: कुटुंब स्वतःहून पुन्हा बोलावते, आणि पाळकांआधी तुम्हाला फोन येतो.

_भजन चालवणे._ गाणे येणे आणि मंडळीला गायला लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चांगला गळा असलेली बाई आपल्या सोयीच्या पट्टीत, पेटीच्या काळी चार-पाचमध्ये, भजन उचलते आणि पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प होतात. गाणारा पुरुष काळी एक-दोनमध्ये अंतरा घेतो आणि बायकांचा आवाज खाली बुडतो. मंडळीसाठी पट्टी मधली हवी. आदल्या रात्री सर्वांत वरचा सूर तपासा; साठीतल्या माणसाला तो ओरडल्याशिवाय लागत नसेल तर पट्टी उतरवा. नवे भजन महिन्याला एकच घ्या आणि सलग तीन रविवार गा. कसोटी सोपी आहे: एका कडव्याला पेटी आणि तबला थांबवा. मंडळीचा आवाज टिकला तर तुम्ही मंडळीला गायला लावले आहे. टिकला नाही तर मंडळी आतापर्यंत तुमचे गाणे ऐकत होती.

_व्यवस्था._ एक कार्यक्रम पूर्ण अंगावर घ्या. हंगामाचा सण (पिकांबद्दल देवाचे आभार मानण्याचा) उत्तम. सहा आठवडे आधी कामांची यादी, प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख, अंदाजपत्रक, आणि सण झाल्यावर आठ दिवसांत पावत्यांसह हिशेब. पैसे नेहमी दोन बिननात्याच्या माणसांनी मोजायचे, जागेवरच लिहायचे आणि दोघांनी सही करायची. हा अविश्वास मानू नये. मोजणाऱ्याच्या नावावर बोट येऊ नये म्हणून ही काळजी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलानेही देणगी नेताना बरोबर इतरांना याच कारणासाठी घेतले. व्यवस्थेचे दान असलेल्याकडे कार्यक्रमाच्या दिवशी फारसे काम उरलेले नसते. तो दिवसभर एकटाच धावत असेल तर त्याच्याकडे तळमळ आहे, आणि वाटून देण्याची हातोटी अजून यायची आहे.

_पाहुणचार, दया, देणे._ यांची चाचणी आखून घेता येत नाही, ती दैनंदिनात दिसते. महिन्यातून दोन रविवार मंडळीतले एक अनोळखी कुटुंब जेवायला बोलवा, साधे वरण-भात-भाजी करून. बेत वाढू लागला की पाहुणचार बंद पडतो, कारण पुढच्या वेळी तेवढा झेपत नाही. देण्याच्या दानाबद्दल एकच पथ्य: दिलेल्या रकमेबरोबर निर्णयाचा हक्क मागायचा नाही. छपराचे पैसे दिले म्हणून छपराचा रंग आपण ठरवायचा, असे झाले की तो व्यवहार झाला.

_संदेश, भाषा, रोगमुक्तीची प्रार्थना._ संदेश म्हणजे देवाकडून मिळाला म्हणून सांगितलेला शब्द. इथे परंपरा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकाने आपल्या मंडळीच्या शिस्तीत राहावे. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृती झाली, तेव्हापासून मराठी मंडळ्यांत या विषयावर ओढही आहे आणि भीतीही. पौलाचे नियम १ करिंथकर १४ मध्ये स्पष्ट आहेत: भाषा बोलणारे दोघे किंवा फार तर तिघे, एकामागून एक, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावे, संदेश दोघा-तिघांनी द्यावा आणि इतरांनी तो पारखावा. 'देवाने मला सांगितले की तू अमक्याशी लग्न कर, नोकरी सोड, जमीन वीक' असा संदेश कोणी एकांतात दिला तर तो पाळकांपुढे आणि दोन वडीलधाऱ्यांपुढे पुन्हा सांगायला लावा. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, डोक्यावर हात ठेवून करा. पण इन्सुलिन, टीबीच्या गोळ्या, रक्तदाबाचे औषध थांबवा असे कोणीही, कधीही सांगायचे नाही. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

पारख: आठ रविवारांनंतर

ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांच्याबरोबर तासभर बसा. चार गोष्टी तपासा. मंडळीतल्या कोणाचे नेमके काय भले झाले, नावानिशी सांगता येते का? सांगितल्याशिवाय कोणी ते बोलून दाखवले का? काम करताना तुम्ही थकलात की वाळलात? थकलेल्याला रात्रीच्या झोपेनंतर पुन्हा जावेसे वाटते. वाळलेल्याला शनिवारपासूनच पोटात गोळा येतो. आणि तुमच्या बरोबरची माणसे वाढली की कमी झाली? उत्तम बोलणारा, पण ज्याच्याबरोबर कोणी टिकत नाही, अशाला पुढे नेण्याची घाई करू नये. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल वडिलाच्या (मंडळीच्या पुढाऱ्याच्या) पात्रतेत शिकवण्याचे कौशल्य एकदाच सांगतो, बाकी सारी यादी स्वभावाची आणि घरच्या वागणुकीची आहे.

दोन्ही कामे बसली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. वहीच्या दोन पानांवर 'हे माझे नाही' असे लिहिता आले, हेही मोठे काम झाले. तिसरे काम निवडा. बहुधा ते तुमच्या क्रियापदांच्या यादीत आधीच असते. साधे वाटले म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलेले असते.

नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या बाबतीत मंडळीच घाई करते. साक्ष प्रभावी असते म्हणून तिसऱ्या महिन्यातच त्याला व्यासपीठावर उभे करतात. १ तीमथ्य ३:६ मध्ये नवशिक्याला वडील करू नये असे म्हटले आहे, गर्वाने फुगून पडू नये म्हणून. त्याला पहिले वर्ष हाताखालचेच काम द्यावे, पण काम जरूर द्यावे. गावाहून शहरात बदलून आलेल्यांनी जुन्या मंडळीचे शिफारसपत्र आणावे, पहिले तीन महिने फक्त उपासना आणि घरसभा करावी आणि मग या क्रमाला लागावे. 'तिकडे मी पंच होतो' हे पहिल्याच महिन्यात सांगू नये.

स्त्रियांबद्दल स्पष्ट लिहायला हवे. पुष्कळ मंडळ्यांत संख्येने त्या निम्म्याहून अधिक असतात, आणि त्यांच्या वाट्याला चहा, फुले आणि वर्षातून एक महिला रविवार येतो. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. अपुल्लोसासारख्या पट्टीच्या वक्त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक बारकाईने समजावून दिला. या क्रमात बाईची चाचणी 'स्वयंपाक चांगला' एवढ्यावर थांबवू नका. तिला वर्ग द्या, हिशेब द्या, वचन मांडायला द्या, आणि पुरुषाला चहाच्या किटलीपाशी उभे करा. सेवेचे दान बऱ्याच पुरुषांत तिथेच पहिल्यांदा सापडते.

जागा ठरवणे

पारख झाली की पाळक आणि संबंधित पंच यांच्याबरोबर एका पानाचा कागद करा. त्यावर सहा ओळी पुरतात:

- काम नेमके कोणते, आणि त्यात काय येत नाही
- मुदत: एक वर्ष, नंतर फेरविचार
- आठवड्याचे तास
- कोणाला विचारायचे, कोणाला सांगायचे
- बरोबरचा जोडीदार कोण
- खर्चाला किती पैसे आणि ते कोणत्या खात्यातून

'काय येत नाही' ही ओळ विसरू नका. घरभेटी करणाऱ्याकडून लोक उसने पैसे मागतात, शाळाप्रवेशाला चिठ्ठी मागतात, नवरा-बायकोच्या भांडणात न्याय मागतात. कागदावर लिहिलेले असले की नम्रपणे 'हे पाळकसाहेबांना सांगूया' म्हणता येते.

मग एका रविवारी उपासनेत तुमचे नाव आणि काम सांगून, हात ठेवून प्रार्थना व्हावी. पाच मिनिटे लागतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी ती कित्येक ठिकाणी होते. सतरंज्या घालणाऱ्यासाठी आणि दानार्पण मोजणाऱ्यासाठी होत नाही. त्यांच्यासाठीही व्हावी.

तुमचे दान मंडळीच्या इमारतीत मावत नसेल, असेही होते. परिचारिका, वकील, शेतीतज्ज्ञ, समुपदेशक यांची जागा बऱ्याचदा सरकारी दवाखान्यात, कायदेविषयक मदतीत, वस्तीत असते. तरीही कागद करा आणि प्रार्थना घ्या, म्हणजे तुम्ही एकटे गेलेले नसता, मंडळीने पाठवलेले असता. महिन्याला एकदा घरसभेत तिथली हकिकत सांगा, माणसांची नावे गाळून.

जागा सोडणे

वर्ष संपायच्या दोन महिने आधी जोडीदाराला पूर्ण काम करू द्या आणि तुम्ही मागे बसा, जसे पहिल्या दोन रविवारी बसला होता. काही मंडळ्यांत एकच घराणे तीस-तीस वर्षे एक काम सांभाळते. त्यात निष्ठा असतेच, पण त्या कामाचे दान मिळालेली दुसरी माणसे तेवढी वर्षे मागच्या बाकावर बसून राहतात. म्हणून सोडण्याची तारीख पहिल्याच कागदावर असावी.

सोपवताना एक पिशवी तयार करा: कपाटाच्या किल्ल्या, मुलांची किंवा घरांची यादी, दूरध्वनी क्रमांक, कोणाच्या घरी जाताना काय सांभाळायचे याच्या तोंडी सूचना (त्या लिहू नका), उरलेले पैसे आणि त्यांची पावती, भजनांच्या पट्ट्यांची वही, आणि यंदा जमले नाही ते काय, याची अर्ध्या पानाची नोंद. नव्या माणसाबरोबर एक रविवार पूर्ण थांबा. दुसऱ्या रविवारी दुसऱ्या बाकावर बसा आणि त्याने वेगळ्या पद्धतीने केले तरी उठू नका.